डाव्या हाताचं रसयंत्र

टोमॅटोचा रस काढायचं छोटं यंत्र हवं म्हणून कुणी माझ्याकडे आलं, की मी आधी दोनच प्रश्न विचारतो. कामाला जमिनीवर बसता की ओट्याशी उभे राहता? आणि हँडल कुठल्या हाताने फिरवणार? समोरचा माणूस बुचकळ्यात पडतो. मोटर केवढी, स्टील कुठलं, तासाला किती किलो, असल्या प्रश्नांची तयारी करून आलेला असतो बिचारा. नव्वदनंतर टिटवाळा, बदलापूर अशा कुठकुठल्या महिला मंडळांच्या बायका यायला लागल्या, त्यातल्या एकीने तर तोंडावर विचारलं, "तुम्ही इंजिनियरच ना?" आहे हो बाई. डिप्लोमावाला आहे, पण आहे. हे दोन प्रश्न मला कॉलेजात कुणी शिकवले नाहीत. ते मी कोपरीला आत्याच्या खोलीत शिकलो, आणि चांगला तोंडावर आपटून शिकलो.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ठाण्याला स्टेशनच्या पूर्वेला, कोपरीत एका बैठ्या चाळीत तिची एक खोली. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. तेव्हापासून उन्हाळ्यात कैरीचं पन्हं आणि हिवाळ्यात टोमॅटो सॉस करून, बाटल्यांत भरून विकायचा, हा तिचा उद्योग. बाजारच्या सॉसात लाल भोपळा असतो असं ती छातीठोकपणे सांगायची आणि तिचा सॉस खाल्ला की आपल्यालाही ते पटायचं. माझ्या ऑफिसातले साहेब लोक दिवाळी झाली की मला विचारायला लागायचे, "काय रे, आत्याचं दुकान उघडलं का?" मी माजिवड्याच्या पुढे एका कंपनीत ड्रॉइंग ऑफिसला होतो. केमिकल कारखान्यांची अवाढव्य पिंपं, त्यांच्या आतल्या ढवळण्या, असली चित्रं काढायचो. माझ्या टेबलावरून सॉसच्या बाटल्या जास्त गेल्या की ड्रॉइंगं, हा तिथला नेहमीचा विनोद होता.

सॉस करायची तिची पद्धत साधी आणि मारक. टोमॅटो उकडायचे, चाळणीत घालायचे आणि वाटीच्या बुडाने घासत बसायचं. रस खाली पातेल्यात, साली आणि बिया वर. अख्खी दुपार घासायचं. इतकी वर्षं घासल्यावर व्हायचं तेच झालं. तिचा उजवा खांदा धरला. वेणी घालायला हात मागे जाईना, आणि चाळणीवर जोर दिला की कळ पार मस्तकात. डॉक्टरांनी सांगितलं, घासणं, मळणं, वाटणं सगळं बंद.

बाबा सरकारी नोकरीतले, कडक शिस्तीचे. त्यांनी एका संध्याकाळी निकालच दिला. "ताई, पुष्कळ केलंस. आता डोंबिवलीला ये. संक्रांत झाली की त्या रविवारी टेम्पो घेऊन येतो मी."

डोंबिवलीला आमचा दोन खोल्यांचा ब्लॉक. तिसरी खोली म्हणून जी काय मिरवायचो ती गॅलरी. त्या गॅलरीत आत्याची कॉट टाकायची आणि मध्ये पडदा लावायचा, असं ठरलं. आईने पडद्याचं कापडसुद्धा आणलं, निळं, फुलांचं. आता त्या गॅलरीत तेव्हा कोण राहत होतं? मी. म्हणजे मी आणि माझा ड्रॉइंग बोर्ड. मला आत्या हवी होती हो, जीव होता माझा तिच्यावर. पण बोर्ड ठेवायचा कुठे? मोरीत?

असल्या आपमतलबी विचारात मी दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर कोपरीला गेलेलो. म्हटलं, बघू, म्हातारी काय म्हणते. ती दाराशी बाटल्या धूत बसली होती, डाव्या हाताने. मी सहज म्हटलं, "मग, येतेस ना आमच्याकडे? मज्जा करू."

तिने हातातली बाटली पालथी घातली आणि मग म्हणाली, "तुझ्या बापाची माया आहे रे माझ्यावर. तुझी आईपण चांगली आहे, मी खोटं कशाला बोलू? पण तिकडे मी चहा टाकायला उठले की ती म्हणणार, असू दे हो, तुम्ही बसा. आणि नाही उठले तर मलाच मेल्याहून मेल्यासारखं होणार. रोज असू दे, रोज बसा. मला पाहुणी होऊन मरायचं नाही. ही खोली एवढीशी आहे, पण इथे कुणाला बसा म्हणायचं ते मी ठरवते."

तिचे डोळे भरले. ती रडणाऱ्यांतली नव्हती, म्हणून मला जास्तच भडभडून आलं. आणि मला भडभडून आलं की राग येतो, हा माझा जुना रोग. मी ताडकन म्हटलं, "कुठ्ठेही जायचं नाही तू! मी मशीन करतो तुला!"

"तू?" ती डोळे पुसत म्हणाली. "तू तर ती पिंपं करतोस ना?"

"पिंपंही करतो आणि हेही करीन."

बाबांना सांगितलं. त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. बाबांचा माझ्या इंजिनियरिंगवर फारसा विश्वास नव्हता, कारण घरातला नळ मी दुरुस्त केल्यापासून तो रात्रंदिवस गळत होता. पण माणूस न्यायाचा. म्हणाले, "ठीक आहे. तिच्या हाताने मशीन चाललं, तर राहू दे तिला तिथे, मी अक्षर काढणार नाही. नाही चाललं, तर संक्रांतीनंतरच्या रविवारी टेम्पो."

दसरा नुकताच होऊन गेलेला. म्हटलं, टोमॅटोचा रस काढायचा, त्यात काय एवढं? घरात पुरणयंत्र आहे की! ते घेऊन ऐटीत कोपरीला गेलो. आत्या म्हणाली, "आण, आण. मीपण गेल्या वर्षी आणलं होतं." टोमॅटो घातले आणि दांडा फिरवला. पुरण बापडं गप दाबून घेतं, टोमॅटो नाही. रस दांड्यावरून माझ्या कोपरापर्यंत आला आणि बिया अर्ध्या जाळीच्या भोकांत अडकल्या, अर्ध्या सॉसात गेल्या. आत्याने मला फडकं दिलं.

मग मला मोटर सुचली. खोपटला एसटी डेपोच्या मागे माझ्या डिप्लोमाच्या मित्राची लेथ होती. लेथ म्हणजे एक पत्र्याची शेड, एक जुनी मशीन आणि तो. तोंडाने भयंकर फटकळ, हाताने सोनं. मोडक्या मिक्सरची मोटर, जाळीचं एक नळकांडं आणि आत गरागरा फिरणारी पाती, असं प्रकरण आम्ही दोघांनी जुळवलं आणि चाचणी घ्यायला आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात मांडलं. बाबा ऑफिसला निघाले होते, पांढरा शर्ट घालून. मी म्हटलं, "बाबा, एक मिनिट, बघून जा."

बटण दाबलं आणि काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा छत लाल, भिंत लाल, कॅलेंडरवरचा गणपती लाल आणि बाबांच्या शर्टाचा पुढचा भाग लाल. आई दारातून म्हणाली, "आता रंग कोण देणार? तू की तुझी आत्या?" त्यातूनही पातेल्यात जे काही उतरलं, ते फेसाळ, गुलाबी आणि कडू होतं. पात्यांनी बिया फोडल्या होत्या. बाबांनी बोट लावून चाखलं, "कडू आहे," एवढंच म्हणाले आणि शर्ट बदलायला गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मित्र मात्र पोट धरधरून हसला. "अबे, टोमॅटो आहे तो. तू काय रिअ‍ॅक्टर बनवतोयस काय? त्याला मारू नकोस, समजावून घे."

चिडलो मी, पण त्या दिवशी बोर्डावर कोरा कागद लावला. बिया फुटता कामा नयेत म्हणजे वेग नको, सावकाश दाब हवा. हळूहळू अरुंद होत जाणारं जाळीचं नळकांडं आणि त्यात फिरणारा तसाच निमुळता स्क्रू. वरून टोमॅटो टाकायचे, हँडल फिरवायचं. स्क्रू टोमॅटोला पुढे पुढे ढकलत नेणार, रस जाळीतून खाली पन्हळीत, आणि साली-बिया पुढच्या तोंडातून बाहेर. लिहायला चार ओळी लागल्या, करायला मार्गशीर्ष गेला. जाळी आणि स्क्रू यांच्यात फट जास्त ठेवली की साली गुंडाळून बसायच्या, कमी ठेवली की बिया चिरडायच्या. मित्र स्क्रू घासून द्यायचा, मी घरी आणून फिरवून बघायचो, परत खोपटला न्यायचो. रोज संध्याकाळी आमच्या घरी टोमॅटोचं सार. बाबा एकदा ताटावर बसून म्हणाले, "आज आमटी मिळेल का, की अजून संशोधन चालू आहे?"

आणि एके दिवशी जमलं. यंत्राला खाली मी एक शिकंजा केला होता, ओट्याच्या कडेला आवळून बसवायचा. आमचा ओटा कडप्प्याचा. ब्लॉक घेताना आईने हट्टाने करून घेतलेला. डोंबिवलीत तेव्हा ज्याच्याकडे ओटा तो माणूस सुधारलेला, बाकीचे आपले वाकून स्वयंपाक करणारे. तर त्या ओट्याला यंत्र आवळलं, मी हँडल फिरवलं, आणि लालभडक दाट रस संथपणे पातेल्यात उतरायला लागला. पुढच्या तोंडातून साली बाहेर आल्या. मित्राने फिरवून बघितलं, आईने फिरवून बघितलं. बाबांनीसुद्धा बाही वर करून फिरवलं, मग एक साल उचलून बोटांत चोळली आणि म्हणाले, "कोरडी आहे." बाबांच्या तोंडून याच्यापेक्षा मोठी शाबासकी मी आयुष्यात ऐकलेली नाही. आईने आमच्या हातावर साखर ठेवली. मी गॅलरीत जाऊन बोर्डावर हात फिरवून आलो, म्हटलं, राहिलास रे बाबा तू.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी यंत्र गोणपाटात गुंडाळून कोपरीला गेलो. आत्याने टोमॅटो उकडून तयार ठेवले होते. शेजारची कोळीणमावशी, आत्याची जिवाभावाची मैत्रीण, दारात उभी राहून बघत होती. "यो काय आनलास रं? बोंबलाचा खिमा करतस काय?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं, यंत्र बाहेर काढलं, शिकंजा उघडला, आणि यंत्र हातात धरून खोलीभर बघायला लागलो.

"काय शोधतोस?" आत्याने विचारलं.

"ओटा," मी म्हटलं.

"या खोलीत? देवाच्या फळीमागे बघ, असला तर."

शप्पथ सांगतो, मला दरदरून घाम फुटला. लहानपणापासून मी त्या खोलीत जेवलेलो. तिचा वातीचा स्टोव्ह जमिनीवर, परात जमिनीवर, विळी जमिनीवर, आणि पाटावर बसलेली ती. हे मला माहीत नव्हतं का? होतं! पण बोर्डाशी उभा राहिलो की डोळ्यांसमोर आमचा कडप्पा. जिच्यासाठी यंत्र, तिच्या घरात ओटाच नाही, आणि मी शिकंजा किती सुबक केला होता म्हणून सांगू!

मग सुरू झाली धावपळ. शिकंजा ट्रंकेच्या कडेला लावला, तर पत्रा वाकला. खिडकीला लावला, तर खाली पातेलं धरणार कोण? मावशीला माझी दया आली असावी. तिने घरातून एक जाड फळी आणून दिली. आत्याने फळी हुंगली. "सुकट?"

"धुतलीय गो बाय, घासून घासून धुतलीय!"

"परत धू," आत्या म्हणाली. मावशी तिला शिव्या घालत फळी परत धुवून घेऊन आली.

फळी पाटावर आडवी ठेवली, पुढे आलेल्या टोकाला यंत्र आवळलं, खाली पातेलं. हँडल फिरवलं तर फळीचं मागचं टोक वर. एका हाताने दाबून धरलं, तर फळी पाटासकट खोलीभर हिंडायला लागली. मी यंत्र पकडतोय, यंत्र मला ओढतंय, पातेलं कलंडतंय आणि मावशी हसून हसून दाराच्या चौकटीला टेकलीय. माझं टाळकंच सरकलं. "बस इथे, गधड्या!" असं त्या यंत्राला ओरडून मी दाणकन त्या फळीवरच बसकण मारली आणि रागारागाने हँडल फिरवायला लागलो.

फळी हलली नाही. यंत्र हललं नाही. रस उतरायला लागला.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "ही तर खवणी झाली!"

"इली," मावशी म्हणाली. तिच्या बोलीत विळी.

"खवणी गं. नारळाची खवणी. बसायचं आणि खवायचं."

त्यावर दोघींची जुंपली, पण मी ऐकत नव्हतो. मी आनंदाने येडा झालेलो. आपल्या बायका शतकानुशतकं फळीवर बसून आपल्याच वजनाने विळी धरतात, खवणी धरतात, आणि मी शिकंजा आवळत बसलो होतो! उठलो आणि म्हटलं, "बस आत्या, आता तू फिरव."

ती पदर खोचून फळीवर बसली. ऐटीत. डावा हात हँडलवर ठेवला आणि फिरवलं. यंत्रात काहीतरी गुरगुरलं आणि टोमॅटो जिथून टाकले होते तिथूनच उसळून वर आले. तिने परत फिरवलं. परत वर आले.

मी ओरडणार होतो, "उलटं काय फिरवतेस!" आणि माझी नजर हँडलवरच्या तिच्या डाव्या हातावर गेली. उजव्या हाताने माणूस हँडल घड्याळाच्या काट्यांसारखं फिरवतो. डाव्या हाताने सहज फिरवलं की ते उलटं फिरतं. तिचा उजवा खांदा धरला म्हणून तर हा सगळा खटाटोप! आणि तिच्यासाठी मी यंत्र केलं होतं ते उजव्या हाताचं. मी, मित्र, आई, बाबा, सगळ्यांनी आपापला धडधाकट उजवा हात लावून फिरवलं होतं आणि सगळ्यांनी वा वा केली होती. एकालाही, एका शहाण्यालाही सुचलं नाही!

आत्याने डाव्याच हाताने, ओढून ओढून, सुलट फिरवून बघितलं. हात अवघडत होता, कोपर गुडघ्यावर आपटत होतं. वाटीभर रस निघाला तोवर ती घामेजली. "जमेल रे," ती म्हणाली. "सवय होईल." ती माझ्या समाधानासाठी बोलतेय हे न कळण्याइतका मी लहान नव्हतो. तिची नजर ट्रंकेकडे गेली, आणि मला स्वतःचा असा संताप आला की मी धड निरोपही न घेता यंत्र सोडवलं आणि तडक खोपट गाठलं. फळीसकट.

मित्र रविवारचा शेडमध्येच होता. त्याने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "म्हणजे अख्खा स्क्रू उलट्या आट्यांचा? नव्याने? अरे, मार्गशीर्ष पूर्ण घासत होतो मी तो!"

"पुढच्या रविवारी बाबा टेम्पो आणतायत."

त्याने शेडच्या कोपऱ्यातून स्टीलची पट्टी ओढली. "तुझा बाप टेम्पो आणणार आणि तू माझी तिरडी. उचल ते टोक." त्या आठवड्यात रोज ऑफिस सुटलं की मी खोपटला. दांड्याभोवती पट्टी यावेळी डावीकडून गुंडाळायची, जोडायची, घासायची, परत फट जुळवायची. संक्रांतीच्या दिवशी त्याच्या ग्रीसने माखलेल्या तळहातावर तिळगूळ ठेवला. म्हटलं, "गोड बोल." तो म्हणाला, "स्क्रू फिरला की बोलतो." मावशीच्या फळीला खाली त्याने लोखंडी पाय लावले आणि यंत्र शिकंज्याऐवजी बोल्टने पक्कं बसवलं. स्क्रू फिरला शनिवारी संध्याकाळी. मोकळाच, टोमॅटोशिवाय. शेडमध्ये टोमॅटो कुठून आणणार?

रविवारी सकाळी बाबांच्या आधी पोचायचं, एकदा चालवून बघायचं, असा माझा बेत. पण बाबांच्या आधी कुणी कधी कुठे पोचलंय? मी यंत्र डोक्यावर घेऊन चाळीत शिरलो तर गल्लीच्या तोंडाशी टेम्पो उभा आणि खोलीत बाबा. हातात सुतळीचा गुंडा, काखेत रद्दी, बरण्या गुंडाळायला. ट्रंकेकडे अशा नजरेने बघत होते की आता तिला कुठून धरावं. आत्या स्टोव्हपाशी टोमॅटो उकडत होती, पाठमोरी.

"बस ना रे," ती बाबांना म्हणाली.

"नको. टेम्पोवाला थांबलाय."

मी यंत्र मांडलं. आत्याने पदर खोचला, फळीवर बसली, उकडलेले टोमॅटो वर घातले आणि डावा हात हँडलवर ठेवला. मावशी दारात, पहिल्यांदाच गप्प.

हँडल थोडं फिरलं आणि अडकलं.

मी पुढे झालो, तर आत्याने मान न वळवता सांगितलं, "हात लावू नकोस." तिने हँडल जरासं मागे घेतलं, हिसका न देता परत पुढे नेलं. आत काहीतरी सुटल्याचा बारीक आवाज झाला. हँडल फिरलं. परत फिरलं. पन्हळीच्या टोकाशी एक लाल थेंब जमला, लोंबला, आणि त्याच्यामागून धारच लागली. पुढच्या तोंडातून सालींची गुंडाळी बाहेर यायला लागली. आत्या फिरवत राहिली, पाठ ताठ, चेहरा असा शांत की जणू हे काम ती जन्मभर करत आलीय. उजवा हात मांडीवर पडलेला, स्वस्थ.

पातेलं निम्मं भरलं. बाबा वाकले, एक साल उचलली, बोटांत चोळली. खूप वेळ चोळली.

"कोरडी आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "खांदा?"

"उजवा? तो बघ, बसलाय आराम करत. डावा करतोय सगळं."

बाबा सुतळीचा गुंडा हातातल्या हातात फिरवत राहिले. त्यांचा आवाज जरा वेगळाच निघाला. "ताई, मी तुला ओझं म्हणून नेत नव्हतो गं."

"माहीत आहे मला. वेडा आहेस का?" हँडल थांबलं. "पडदा कुठल्या रंगाचा आणलाय म्हणालास?"

"निळा. फुलांचा."

"तो पाठवून दे. या दाराला लावते. आणि आता बस बघू. माझ्याकडे आलायस ना तू? चहा टाकते."

ती उठायला लागली. बाबा घाईघाईने म्हणाले, "असू दे गं, तू बस..." आणि आत्या माझ्याकडे बघून अशी खदखदून हसली की बाबा गोंधळलेच. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? ते मुकाट्याने पाटावर बसले. तिने चहा टाकला. मावशीने आतापर्यंत कोंडून धरलेलं सगळं एकदम बोलायला सुरुवात केली. मी भिंतीला टेकून नाक पुसत होतो, सर्दीचं निमित्त करून.

एवढ्यात टेम्पोवाला दारात आला. "साहेब, सामान कुठाय? उचलू ना?"

बाबांनी आत्याकडे बघितलं. आत्या कपबश्या मांडत म्हणाली, "सामान न्यायचं नाही, आणायचंय. जांभळी नाक्याला जा, टोमॅटो चांगले आलेत. पिकलेले बघून घे, पण नरम नकोत. आणि चहा घेऊन जा."

टेम्पोवाल्याने चहा घेतला. बाबा त्याच्या शेजारी पुढे बसून बाजारात गेले, सुतळीचा गुंडा तसाच हातात. टेम्पो परत आला तो टोमॅटोच्या करंड्यांनी भरून. मी धावलो, पण बाबांनी मला हात लावू दिला नाही. चपला बाहेर काढल्या, पहिली करंडी स्वतः उचलली आणि उंबऱ्याशी येऊन थांबले. आत ती फळीवर बसून हँडल फिरवत होती. शिस्तीचा माणूस, आयुष्यभर घरीदारी कुठली वस्तू कुठे ठेवायची ते सगळ्यांना सांगत आलेला. तो उंबऱ्यावर उभा राहून विचारत होता, "कुठे ठेवू, ताई?"